सिरोंच्याची हाडे, कलकत्त्याचा सांगाडा

कोलकात्याच्या उत्तरेस बराहनगर भागात भारतीय सांख्यिकी संस्था आहे. संख्याशास्त्राच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या ह्या संस्थेत भूविज्ञानाचे एक संग्रहालय असून त्यात एका प्रचंड डायनोसॉरचा सांगाडा उभा केलेला आहे. मान पुढे, शेपटी मागे आणि चार खांबांसारखे पाय अशी त्याची ठेवण आहे. ह्या प्राण्याची लांबी सुमारे १४ मीटर होती असा अंदाज आहे. त्याचे नाव बारापासॉरस टागोराय.

मराठी वाचकास हे नाव वाचून ‘बारा पाय’ असा भास होण्याचा संभव आहे. परंतु येथे बारा ह्या संख्येचा काही संबंध नाही. बंगालीत ‘बडो’ म्हणजे मोठा आणि ‘पा’ म्हणजे पाय. त्यांना सरडा ह्या अर्थाचा ग्रीक ‘सॉरस’ जोडून ‘मोठ्या पायांचा सरडा’ असे नाव तयार झाले. उत्खननात ह्या प्राण्याच्या मांडीचे १.७ मीटरांहून लांब हाड मिळाले होते. साधारण उंचीचा माणूस त्याच्या शेजारी उभा राहिला, तर दोघांची उंची जवळजवळ सारखीच भरेल.

नाव बंगाली असले तरी हाडे बंगालची नव्हेत. ती महाराष्ट्राच्या पूर्व टोकास, सिरोंचा तालुक्यातील पोचमपल्ली गावाच्या परिसरात मिळाली. हा तालुका आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. उत्खननाच्या काळी तो चांदा जिल्ह्यात होता. ह्या हाडांना सिरोंच्याच्या मातीतून कलकत्त्याच्या संग्रहालयात येण्यास अनेक वर्षे लागली आणि अनेक हात लागले. त्या हातांची साखळी कशी असते व तिचा एक दुवा तुटला तर काय होते, हे समजून घेणे हाच प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

हाडाचा दगड कसा होतो?

प्राणी मेला म्हणजे त्याचे मांस व कातडे थोड्याच दिवसांत नाहीसे होते. हाडे काही काळ टिकतात. पण ऊन, पाऊस आणि मांसभक्षक प्राणी ह्यांच्यामुळे तीही बहुधा मोडून मातीस मिळतात. एखादे प्रेत नदीच्या गाळाखाली लवकर गाडले गेले, तरच त्याची हाडे वाचण्याचा संभव असतो. वर गाळाचे थर साचत जातात आणि त्यांच्या भाराने खालचा गाळ घट्ट होऊन खडक बनतो. खडकातून झिरपणाऱ्या पाण्यातील खनिजे हाडाच्या सूक्ष्म पोकळ्यांत भरतात. हाडाचा आकार तोच राहतो, त्याच्या आतील रचनाही पुष्कळदा ओळखू येते. पण ते जड व कठीण होते. अशा अश्मीभूत अवशेषास जीवाश्म म्हणतात.

असे गाडलेले हाड पुन्हा मनुष्याच्या दृष्टीस पडण्यासाठी निसर्गाला उलट काम करावे लागते. जमीन उंचावते, नद्या व ओढे वरचे थर कापून नेतात आणि कोट्यवधी वर्षांपूर्वीचा थर उघडा पडतो. तेवढ्यात कोणी पाहिले तर ठीक. नाहीतर ज्या पावसाने हाड उघडे केले, तोच पाऊस दहावीस वर्षांत त्याचा चुरा करतो. म्हणून जीवाश्मांचा शोध ही काळाशी चाललेली शर्यत असते.

गोंडवनाची भूमी

सिरोंचा गाव प्राणहिता व गोदावरी ह्यांच्या संगमाजवळ वसलेले आहे. येथे मराठी, तेलुगू आणि माडिया ह्या तिन्ही भाषा कानी पडतात. ह्या दोन नद्यांच्या खोऱ्यात पुरातन नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाचे खडक एकावर एक रचलेले आहेत. प्राणहितेच्या काठच्या कोटा ह्या गावावरून त्यांपैकी एका खडकसमूहास ‘कोटा शैलसमूह’ असे नाव मिळाले आहे. त्यात वालुकाश्म, चुनखडक आणि तांबड्या मातीचे थर आढळतात. बारापासॉरसची हाडे ह्याच समूहाच्या खालच्या भागात मिळाली. त्यांचे वय पूर्व ज्युरासिक काळातील, म्हणजे सुमारे १८ ते १९ कोटी वर्षांचे मानले जाते.

ह्या खोऱ्याची ख्याती फार जुनी आहे. नागपूरला १८४५ साली आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप ह्यांनी धर्मकार्याबरोबर विदर्भातील खडकांचाही अभ्यास केला. १८६३ साली त्यांचा मृत्यू झाला. तोपर्यंत कोटा येथील माशांचे जीवाश्म विद्वानांस परिचित झाले होते. भारतातील ह्या जातीच्या खडकांना १८७२ साली भूवैज्ञानिक मेडलिकॉट ह्यांनी गोंड राजांच्या प्रदेशावरून ‘गोंडवन’ हे नाव दिले. पुढे भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका ज्या एका विशाल भूखंडाचे भाग होते, त्यालाही हेच नाव मिळाले. आज जगातील प्रत्येक भूविज्ञानाच्या पुस्तकात आढळणारा हा शब्द मूळचा ह्या भूमीचा आहे.

संख्याशास्त्राच्या घरी भूविज्ञान

भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस हे मूळचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. मोजमापाचे शास्त्र कोणत्याही एका विषयाचे दास नसून सर्व शास्त्रांच्या उपयोगी पडते, असा त्यांचा विश्वास होता. माणसांच्या कवट्या व शरीरे मोजून दोन समूहांतील अंतर कसे काढावे, ह्यावर त्यांनी स्वतः मूलभूत काम केले होते. साहजिकच जीवशास्त्र व भूविज्ञान ह्यांच्या अभ्यासकांनाही त्यांनी आपल्या संस्थेत बोलाविले. विख्यात जीवशास्त्रज्ञ हॉल्डेन १९५७ साली तेथे आले. त्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील पुराजीवशास्त्रज्ञ पामेला रॉबिन्सन ह्याही आल्या आणि संस्थेत भूवैज्ञानिक अभ्यासाची शाखा सुरू झाली.

रॉबिन्सनबाईंनी तरुण भारतीय अभ्यासकांना बरोबर घेऊन प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात पायी हिंडून शोध घेण्याची पद्धत रुजविली. सोहनलाल जैन, टी. एस. कुट्टी, तपन रायचौधुरी, शंकर चटर्जी ही नावे ह्या कामामुळे पुढे जगभर परिचित झाली. बारापासॉरसची पहिली हाडे १९५८ साली आढळली. मुख्य उत्खनन १९६० व १९६१ ह्या वर्षांत झाले. १९६१ हे रवींद्रनाथ ठाकूर ह्यांच्या जन्मशताब्दीचे वर्ष होते; शिवाय महालनोबिस हे रवींद्रनाथांचे निकटचे सहकारी होते. प्राण्याच्या नावाचा ‘टागोराय’ हा दुसरा शब्द त्या कविवर्यांच्या स्मरणार्थ आहे.

उत्खननाची रीत

जीवाश्मांचा शोध कुदळीने सुरू होत नाही. तो डोळ्यांनी सुरू होतो. अभ्यासक ओढ्यांच्या काठाने, उघड्या पडलेल्या थरांवरून, जमिनीकडे पाहत चालतो. हाडाचा तुकडा सापडला की तो तेथे कोठून आला असावा, हे पाहावे लागते. तुकडे पावसाच्या पाण्याने उतारावरून खाली येतात. म्हणून त्यांचा माग वरच्या दिशेने काढतात. जेथे तुकडे संपतात, त्याच्या आसपास ज्या थरातून ते सुटले तो थर असतो.

ह्या कामी त्या भूमीवर रोज वावरणाऱ्या माणसांचे साहाय्य अमोल असते. गुराखी, शेतकरी, लाकूडफाट्यासाठी जंगलात जाणाऱ्या स्त्रिया ह्यांना प्रत्येक ओढा व प्रत्येक टेकडी ठाऊक असते. कोणता दगड तेथील नेहमीचा आणि कोणता वेगळा, हे त्यांच्या डोळ्यांस चटकन कळते. परगावाहून आलेला विद्वान महिनाभर हिंडून जे पाहू शकत नाही, ते गावातले पोर एका दिवसात दाखवू शकते.

थर निश्चित झाल्यावर वरची माती व खडक पहारी, कुदळी आणि घमेली घेऊन दूर करतात. हाडाच्या जवळ पोहोचताच मोठी हत्यारे बाजूला ठेवावी लागतात. तेथून पुढे छिन्नी, लहान हातोडी, टोच्या आणि कुंचला एवढ्यांवरच काम चालते. हाड दगडासारखे कठीण झालेले असले, तरी त्याला असंख्य भेगा असतात. एका चुकीच्या घावाने त्याचे शंभर तुकडे होऊ शकतात. उघड्या पडलेल्या भागावर पातळ सरस किंवा तत्सम द्रव्य सोडून भेगा बांधून घेतात.

ह्यानंतरचे काम दिसण्यात सर्वांत साधे, पण महत्त्वाने सर्वांत मोठे आहे. ते म्हणजे नोंद. एकही हाड हलविण्यापूर्वी खणलेल्या जागेचे दोऱ्यांनी चौकोन पाडतात आणि प्रत्येक हाड कोणत्या चौकोनात, किती खोल, कोणत्या दिशेस तोंड करून पडले आहे, ते आराखड्यावर काढतात. प्रत्येक हाडाला क्रमांक देतात. तोच क्रमांक आराखड्यावर, वहीत आणि हाडाच्या वेष्टनावर लिहितात. उत्खनन ही पुन्हा न करता येणारी क्रिया आहे. प्रयोगशाळेतील प्रयोग फसला तर दुसऱ्यांदा करता येतो. उकरलेला थर पुन्हा जागेवर ठेवता येत नाही. जे त्या दिवशी लिहिले गेले नाही, ते कायमचे गेले.

नोंद झाल्यावर हाडावर ओला कागद पसरतात, म्हणजे प्लॅस्टर हाडाला चिकटत नाही. त्यावर प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडविलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळतात. मोडलेल्या हातापायास डॉक्टर जसे प्लॅस्टर घालतात, तसाच हा प्रकार आहे. वरचा भाग वाळला की हाडाखालची माती पोखरून ते उलटवितात आणि खालच्या बाजूसही प्लॅस्टर चढवितात. मांडीचे एक हाडही अशा रीतीने बांधले की ते उचलण्यास कित्येक माणसे लागतात. त्या काळी सिरोंच्यास रेल्वे नव्हती. अशा जागेवरून हजार किलोमीटरांहून दूर कलकत्त्यास माल सुखरूप पोहोचविणे, ही शास्त्रज्ञांच्या बरोबरीने हमालांच्या व गाडीवानांच्याही कसबाची परीक्षा होती.

तीनशे हाडे काय सांगतात?

पोचमपल्लीच्या परिसरात सुमारे २७५ चौरस मीटर जागेत जवळजवळ ३०० हाडे मिळाली. ती एका प्राण्याची नव्हती. निरनिराळ्या प्राण्यांची हाडे एकत्र मिसळली असता प्राणी किती, हे कसे ठरवावे? त्यासाठी जे हाड एका प्राण्यास एकच असते ते मोजतात. समजा, डाव्या मांडीची चार हाडे मिळाली, तर प्राणी निदान चार असलेच पाहिजेत. अधिक असू शकतील, कमी असू शकणार नाहीत. अशा विचाराने येथे निदान सहा प्राण्यांचे अवशेष आहेत असे ठरले.

त्या हाडांबरोबरच मोठमोठ्या वृक्षांची अश्मीभूत खोडेही पडलेली होती. शास्त्रज्ञांच्या दृष्टीने हा महत्त्वाचा पुरावा होता. प्रचंड प्राण्यांची हाडे आणि वृक्षांची खोडे एकाच ठिकाणी कशी आली? मोठा पूर येऊन त्यात एक कळप सापडला असावा आणि प्राणी व झाडे एकत्र वाहून येऊन गाळात रुतली असावीत, असा तर्क अभ्यासकांनी मांडला आहे. जर कोणी फक्त हाडे उचलून नेली असती आणि खोडे निरुपयोगी म्हणून सोडून दिली असती, तर हा तर्क करण्यास आधारच उरला नसता.

दुसरी गोष्ट म्हणजे, ह्या तीनशे हाडांत कवटी नाही. चमच्याच्या आकाराचे थोडे दात मिळाले. त्यांवरून प्राणी वनस्पतीवर जगणारा होता हे कळते. पण डोके मिळाले नाही. अशा लांब मानेच्या डायनोसॉरांची कवटी लहान व नाजूक असते, मानेशी तिचा सांधाही दुबळा असतो. म्हणून ती प्रवाहात लवकर सुटून जाते व फुटते. संग्रहालयात सांगाडा उभा करताना जे भाग मिळालेले नसतात, ते इतर नातलग प्राण्यांच्या आधाराने तयार करून बसवावे लागतात. म्हणून कोणताही सांगाडा पाहताना सुजाण प्रेक्षकाने स्वतःस एक प्रश्न विचारावा : ह्यातील सापडलेले किती आणि घडविलेले किती? चांगले संग्रहालय हा भेद लपवीत नाही.

हाडे कलकत्त्यास आल्यावर प्लॅस्टर फोडून, खडक टोकरून ती स्वच्छ करणे, तुटलेले भाग जुळविणे, मोजणे आणि इतर देशांतील प्राण्यांशी ताडून पाहणे, हे काम वर्षानुवर्षे चालले. प्राण्याचे शास्त्रीय वर्णन व नामकरण १९७५ साली जैन, कुट्टी, रायचौधुरी व चटर्जी ह्या चौघांनी प्रसिद्ध केले. मुख्य उत्खननानंतर मध्ये सुमारे चौदा वर्षे गेली होती. नामकरणासाठी आधारभूत म्हणून कमरेच्या मणक्यांचा जोड निवडण्यात आला. पुढे २०१० साली, नव्या पिढीच्या अभ्यासकांनी त्याच हाडांची सविस्तर चिकित्सा पुन्हा प्रसिद्ध केली. हाडे व त्यांच्या नोंदी नीट जपलेल्या होत्या, म्हणूनच जवळजवळ अर्ध्या शतकानंतरही त्यांना नवे प्रश्न विचारता आले. लांब मानेच्या अवाढव्य डायनोसॉरांच्या कुळाचा आरंभीचा इतिहास जाणण्यासाठी जगात जी थोडी साधने आहेत, त्यांत बारापासॉरसची गणना होते.

एका हरवलेल्या मणक्याची गोष्ट

जपणूक झाली नाही तर काय होते, ह्याचेही उदाहरण कलकत्त्यातच मिळते. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्ध झालेला इंग्रज अधिकारी स्लीमन ह्यास १८२८ साली जबलपूरजवळ काही अश्मीभूत हाडे मिळाली. डायनोसॉर हा शब्दही तेव्हा जन्मास आला नव्हता. तो १८४२ साली इंग्लंडात रूढ झाला. ती हाडे १८३२ साली कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप ह्यांच्याकडे पोहोचली. ब्राह्मी लिपीचे वाचन करणारे ते हेच प्रिन्सेप. पुढे हाडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या ताब्यात आली आणि १८७७ साली लायडेकर ह्यांनी शेपटीच्या मणक्यांवरून त्या प्राण्यास टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिले. भारतातील हा पहिला डायनोसॉर होय.

परंतु पुढे हे मणके कोठे गेले, ते कोणास सांगता येईना. अनेक दशके अभ्यासकांना केवळ जुनी वर्णने व प्रतिकृती ह्यांवर भिस्त ठेवावी लागली. अखेर २०१२ साली कलकत्त्यातील सर्वेक्षण खात्याच्या संग्रहात धनंजय मोहबे व त्यांचे सहकारी जुने नमुने तपासत असता त्यांतील एक मणका पुन्हा ओळखला गेला. तो शहराबाहेर गेलाच नव्हता. केवळ आपल्या नावापासून तुटला होता.

जमिनीत कोट्यवधी वर्षे सुरक्षित राहिलेली वस्तू माणसाच्या कपाटात शंभर वर्षांत हरवू शकते. कपाटात ठेवलेल्या हाडाची चिठ्ठी गळून पडली, की ते हाड मुके होते. ते कोणत्या गावचे, कोणत्या थरातले, कोणाबरोबर पडलेले, ह्यांपैकी काहीच ते सांगू शकत नाही. त्यामुळे संग्रहालयातील नोंदवही लिहिणारा कारकून हा उत्खनन करणाऱ्या शास्त्रज्ञाइतकाच शोधाचा भागीदार असतो.

इतर देशांत आणि इतर गावी

सामान्य माणसाच्या हातून मोठे शोध लागल्याची उदाहरणे सर्वत्र आढळतात. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रेजिस गावी एका गरीब सुताराची मुलगी मेरी ॲनिंग समुद्रकाठच्या कड्यांतून शंखशिंपले वेचून विकत असे. तिच्या भावाने १८११ साली एका विचित्र प्राण्याची कवटी पाहिली आणि पुढे मेरीने त्याचे उरलेले शरीर शोधून काढले. तो इक्थिओसॉर हा सागरी सरीसृप होता. बेल्जममधील बर्निसार येथे १८७८ साली कोळशाच्या खाणीत ३२२ मीटर खोलीवर खाणकामगारांना इग्वॅनोडॉन डायनोसॉरांचे सांगाडे लागले. ब्रुसेल्सच्या संग्रहालयाने माणसे पाठविली आणि खाणकामगारांच्याच साहाय्याने ते प्लॅस्टरमध्ये बांधून वर काढविले. पाश्चात्त्य देशांत आज कित्येक संग्रहालये हौशी नागरिकांस उत्खननाचे व हाडे स्वच्छ करण्याचे शिक्षण देऊन त्यांना कामात सहभागी करून घेतात.

भारतातही असे प्रयत्न झाले आहेत. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात हौशी संशोधकांच्या एका गटाने २००७ साली डायनोसॉरांची अनेक अंडी प्रकाशात आणली. त्याच जिल्ह्यातील पाडल्या गावी शेतात सापडलेले गोल दगड शेताचे व गुरांचे रक्षण करणारे ‘काकड भैरव’ म्हणून पिढ्यान्पिढ्या पुजले जात होते. ते डायनोसॉरांची अंडी असल्याचे शास्त्रज्ञांनी सांगितल्याची वार्ता २०२३ साली प्रसिद्ध झाली. ह्या वार्तेवर पुष्कळ जण हसले. पण विचार केला तर असे दिसेल, की त्या गावकऱ्यांनी हे दगड इतर दगडांहून वेगळे आहेत हे ओळखले होते आणि ते जपलेही होते. शास्त्राचे अर्धे काम त्यांनी केलेलेच होते.

महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अभ्यासकांनी १९८४ ते १९८६ च्या सुमारास दुसऱ्या एका डायनोसॉरची हाडे मिळविली. हा प्राणी बारापासॉरसहून पुष्कळ अलीकडचा, क्रिटेशस काळाच्या अखेरचा आहे. त्याचे वर्णन १९९७ साली झाले. २००३ साली त्याला ‘इसीसॉरस’ हे नवे नाव मिळाले. संस्थेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ते बनविले आहे. कोटा शैलसमूहातूनच भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने मिळविलेल्या आणखी एका डायनोसॉरचे ‘कोटासॉरस’ हे नामकरण १९८८ साली झाले. त्याचा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात पाहावयास मिळतो. सिरोंचा तालुक्यातच वडधम येथे अश्मीभूत वृक्षांसाठी जीवाश्म उद्यान करण्यात आले आहे.

येथे एक प्रश्न उभा राहतो. गडचिरोलीतील विद्यार्थ्यास आपल्या गावचा डायनोसॉर पाहण्यास हजार किलोमीटर दूर जावे लागावे, हे योग्य आहे काय? हाडांची जपणूक, त्यांचा अभ्यास आणि तज्ज्ञांची सोय ह्यांसाठी मोठ्या संस्थेची गरज असते, हे खरे. १९६१ साली कलकत्त्यास नेली नसती, तर ती हाडे आज कदाचित पावसाने झिजून गेली असती. पण ज्या गावाने ती दिली, त्या गावास आपण काय दिले हे ठाऊक असले पाहिजे. हाडाची प्रतिकृती, उत्खननाचा आराखडा, चित्रे आणि मायबोलीतील माहिती एवढे तरी त्या गावच्या शाळेत परत गेले पाहिजे. ज्यांना आपल्या भूमीचे मोल कळते, तेच पुढचे हाड ओळखतात आणि राखतात.

सापडले तर काय करावे?

एखाद्या विद्यार्थ्यास ओढ्याच्या काठी किंवा विहिरीच्या खोदकामात हाडासारखा, दातासारखा अथवा शिंपल्यासारखा दगड दिसला, तर पहिला नियम हा की तो उपटून काढू नये. प्रथम त्याच्या शेजारी मोजपट्टी किंवा पेन ठेवून छायाचित्र घ्यावे. जवळून एक आणि आजूबाजूची जागा दिसेल असे दुसरे. गावाचे नाव, शेताची किंवा ओढ्याची खूण, दिनांक, दगडाचा रंग, तो कोणत्या थरात रुतलेला आहे, हे सारे वहीत लिहावे. सुटा पडलेला तुकडा पावसाने वाहून जाईल अशी भीती असेल, तरच तो उचलावा. पण त्याच्याबरोबर ही सारी माहिती लिहिलेली चिठ्ठी बांधून ठेवावी. नंतर शिक्षकांच्या मार्फत जवळच्या महाविद्यालयाच्या भूविज्ञान विभागास किंवा भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या कार्यालयास कळवावे. जीवाश्म विकू नयेत, वाटून घेऊ नयेत. सहा घरांत गेलेल्या सांगाड्याचा पुन्हा सांगाडा होत नाही.

बराहनगरच्या त्या संग्रहालयात बारापासॉरस आपल्या चार मोठ्या पायांवर उभा आहे. ओढ्यात पडलेला पहिला तुकडा पाहणारे डोळे, घमेली वाहणारे हात, आराखडा काढणारी पेन्सिल, गाडी जपून हाकणारा गाडीवान, टोच्याने खडक टोकरणारा साहाय्यक, क्रमांक लिहिणारा लेखनिक आणि अखेरीस नाव देणारे शास्त्रज्ञ, ह्या सर्वांनी मिळून त्याला उभे केले आहे. नामकरणाच्या निबंधावर चौघांची नावे आहेत. ज्यांची नावे कोठेच नाहीत, त्यांच्यावाचूनही ह्या सांगाड्यातील एकही हाड जागेवर आले नसते.